डाग घासून जात नाहीत!

पांढरकवड्याकडील एका खेड्यातून एक आई मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलीच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग होते. ते जावेत म्हणून ती रोज राखुंडीने खसाखसा दात घाशी. डाग कायम राहिले. हिरड्यांतून मात्र रक्त येऊ लागले.

हे डाग अस्वच्छतेचे नव्हेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी भागात बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचे पाणी लहानपणी रोज पोटात गेले, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दातातच दोष राहतो. तो घासून कसा जाणार?

म्हणून जोर लावू नका. मऊ ब्रश दात व हिरडी मिळतात तेथे तिरपा धरून हलकेच गोल फिरवा. दातांची आतील बाजूही घासा. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटे पुरेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्या; ती थुंकायला शिकवा.

त्या माउलीला घरी धाकटा मुलगाही आहे. त्याचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत. मी तिला सांगितले, ''बाई, आधी बोअरचे पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही.''