राफ्ट म्हणजे कापडच : कोलाडच्या एक दिवसाच्या सहलीतील धंदा

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीत ग्रे माल घ्यायचा, प्रोसेसला टाकायचा आणि बाजारात विकायचा, यातच तीस वर्षे गेली. रायगड जिल्ह्यात कोलाडला लोक पैसे मोजून नदीत भिजतात आणि वर चार चाकांची मोटरसायकल चिखलात फिरवतात, हे कानावर होते. पण हा शौकिनांचा मामला, आपल्यासारख्या दुकानदाराचा त्यात काय संबंध, असे आम्ही समजत होतो. संबंध जुळला तो एका नुकसानीतून. त्याचा हिशोब पुढे देऊच. आधी त्या धंद्याची ओळख करून देतो, कारण आमच्या कारागीर बांधवांना त्यात काम आहे आणि ते काम सध्या बहुतेक दुसरेच लोक करीत आहेत.

आमचा भाचा एक मिनीबस चालवतो. ऑफिसांच्या आणि कॉलेजांच्या मंडळींना तो एका दिवसात कोलाडला नेऊन आणतो. गेल्या हिवाळ्यात त्याने आम्हाला घरच्यांसह बसमध्ये बसवले. ‘‘मामू, एकदा डोळ्यांनी बघा, मग बोला,’’ एवढेच तो म्हणाला. पहाटे चारला भिवंडी सोडली. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे असे करीत गोवा रस्त्याने साडेसातला कोलाड गाठले. व्यापाऱ्यांना हे गाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असते. १९९९ सालापासून येथे मालाने भरलेले ट्रक कोकण रेल्वेच्या उघड्या डब्यांवर चढवून गोव्याकडे नेतात.

भल्या पहाटे निघण्याचे कारण पाणी. कुंडलिका नदीत राफ्ट चालते ती पावसाच्या पाण्यावर नव्हे, विजेच्या पाण्यावर. घाटावर मुळशीला टाटांचे धरण आहे. तेथील पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात. हे वीजगृह १९२७ सालचे. टाटांच्या अशा जलविद्युत योजनांच्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या, म्हणजे या पाण्याचे आणि कापडाचे नाते जुने आहे. त्याची किंमत मात्र मावळातल्या शेतकऱ्यांनी मोजली. त्यांच्या जमिनी बुडाल्या आणि १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, ज्यात पुढे सेनापती बापटांचे नाव झाले. आणखी एक गंमत अशी की मुळेचे पाणी मूळचे पूर्वेला जाणारे, भीमा आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला मिळणारे. यंत्रांनी ते उलटे फिरवून पश्चिमेला आणले. वीज काढून झालेले हे पाणी रावळजेच्या धरणातून खाली सुटते, कुंडलिका भरून वाहते आणि त्यावर राफ्ट तरंगते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून शेतीला जाते, उरलेले रोह्यावरून खाडीला मिळते.

आता धंद्याच्या नजरेने पाहा. पाणी केव्हा सोडायचे हे विजेची गरज ठरवते. राफ्टवाल्याला कोणी विचारत नाही. साधारणपणे सकाळी पाणी येते, काही तास नदी भरलेली असते आणि नंतर दगड उघडे पडतात. ज्या दिवशी वीजगृह बंद, त्या दिवशी राफ्ट काठावर. आम्ही यंत्रमागवाले हे दुखणे चांगले ओळखतो. वीज गेली की माग उभा, कामगार बसून आणि व्याज चालू. फरक इतकाच की आमचा माल उद्या विणता येतो. रविवारचे गिऱ्हाईक सोमवारी येत नाही.

म्हणूनच तेथे चार चाकांची मोटरसायकल आली. लोक तिला क्वाड किंवा एटीव्ही म्हणतात. नदीचा खेळ दोन-अडीच तासांत संपतो. बारा वाजता माणूस जेवून मोकळा झाला की बाकीचा दिवस त्याला काय द्यायचे? शिवाय पन्नास माणसांना एकदम पाण्यात उतरवता येत नाही, अर्धे लोक काठावर ताटकळतात. पाणी आलेच नाही तर सगळेच पैसे परत मागतात. क्वाडला पाणी लागत नाही, एक शेत भाड्याने घेतले की झाले. कापडवाला जसा शर्टाच्या पीसबरोबर पँटचा पीस बांधून एकच भाव सांगतो, तशी ही जोडी आहे. नुसत्या राफ्टचा भाव गिऱ्हाईक शेजारच्या कँपवाल्याकडे ताडून पाहते. जोडीचा भाव ताडणे जड जाते. भाचा म्हणतो त्याप्रमाणे नफा जोडीत आहे, आणि आम्हाला तो हिशोब पटला.

नदीवर आम्ही स्वतः उतरलो. बारा-चौदा किलोमीटरचा पल्ला आहे. नदीच्या खळाळाचे एक ते सहा असे दर्जे मानतात, त्यांत येथला दोन-तीनच्या आसपास. म्हणजे अंगावर लाटा येतात, पण पोहणे न येणाऱ्यालाही जॅकेट घालून बसता येते. एका राफ्टमध्ये आठ-दहा माणसे आणि मागे एक गाइड. आमचा गाइड ऋषिकेशकडचा होता, दुसऱ्या राफ्टवर नेपाळचा मुलगा होता आणि तिसऱ्यावर जवळच्याच गावचा. स्थानिक मुले आता या कामात तयार होत आहेत, ही चांगली गोष्ट.

पण आमचे लक्ष खळाळापेक्षा राफ्टकडे जास्त होते. हात लावताच कळले की हे कापड आहे. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा जाड डेनियरचा बेस आणि त्यावर दोन्ही बाजूंनी रबराचा किंवा पीव्हीसीचा लेप. रबरी लेपात हायपॅलॉन हे नाव मानाचे. तो कच्चा माल बनवणाऱ्या अमेरिकन ड्युपाँट कंपनीने २०१० मध्ये तो बंद केला, तरी लोक अजून त्याच नावाने माल मागतात. राफ्टची नळी एकसंध नसते. आत पडदे घालून तिचे वेगवेगळे कप्पे केलेले असतात, एक फाटला तरी बाकीच्यांवर राफ्ट तरंगते. तळही हवा भरलेला असतो आणि त्याच्या कडेने भोके असतात, त्यातून आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. भोके पाहून आमची बेगम घाबरली होती, तिला हे समजावण्यात अर्धी नदी गेली.

दगडावर घासून राफ्ट फाटते तेव्हा ठिगळ लावावे लागते. जागा खरवडायची, दोन भागांचा चिकट पदार्थ मिसळून लावायचा, रोलर फिरवून हवा काढायची आणि निदान एक दिवस सुकू द्यायचे. पीव्हीसीची राफ्ट असेल तर गरम हवेच्या यंत्राने जोडता येते. आमच्याकडे ट्रकच्या ताडपत्र्या गरम हवेने जोडणारे कारागीर आहेत. त्यांना हे काम शिकायला फार वेळ लागणार नाही. फक्त हायपॅलॉनचा आणि पीव्हीसीचा चिकट पदार्थ वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

दुपारी क्वाड. ही गाडी दिसायला खेळण्यासारखी आणि वजनाला दोन-अडीचशे किलोची. हँडल मोटरसायकलचे, पण रेस अंगठ्याने दाबायची. टायर फुगीर आणि कमी हवेचे. पुष्कळशा गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर एकत्र फिरतात, त्यामुळे वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते आणि चालवणाऱ्याला अंग आतल्या बाजूला झुकवावे लागते. मोटरसायकल चालवणारे तरुण येथेच चुकतात. उतारावर ही गाडी उलटते आणि उलटली की वजन अंगावर येते. रस्त्यावर चालवायला आपल्याकडे तिची नोंदणी होत नाही, म्हणून ती खाजगी जागेतच फिरवतात.

तेथे एक गोष्ट आम्ही पाहिली ती सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. आमची सून गाडीवर बसली तेव्हा पोऱ्याने इंजिन सुरूच केले नाही. ‘‘ताई, ओढणी आधी आत खोचा,’’ असे तो अदबीने म्हणाला. ओढणीचे किंवा बुरख्याचे सुटे टोक चाकाच्या दांड्यात गेले तर क्षणात गळ्याला फास बसतो. तिने ती काढली नाही, डोक्यावरून घट्ट गुंडाळून टोके जॅकेटच्या आत घेतली, आणि काम झाले. आमच्या घरच्या स्त्रियांसाठी या सहलीला बेतशीर शिवलेला, टोके नसलेला पोशाख कोणी शिवत नाही. पाण्यासाठीही तेच. लोक जीन्स घालून नदीत उतरतात. सुती धाग्यात साधारण हवेतही आठ टक्क्यांच्या आसपास ओल असते, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. भिजल्यावर तर जाड सुती कापड पाण्याने जड होऊन दिवसभर अंगाला चिकटून राहते. लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा, पटकन सुकणारा पॉलिस्टरचा कुर्ता आणि पायजमा अशी जोडी भाच्याच्या बसमध्येच विकली गेली असती.

आता नुकसानीचा हिशोब. तीन वर्षांपूर्वी एका कँपवाल्याने साठ लाइफ जॅकेटे आमच्याकडे पाठवली. फोम शाबूत होता, खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्या झिजल्या होत्या. नव्या जॅकेटांपेक्षा पट्ट्या बदलणे स्वस्त पडेल असा त्याचा हिशोब. हे आमचे रोजचे काम नव्हते, पण आलेले गिऱ्हाईक परत कशाला पाठवा म्हणून घेतले. बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराला दिले. पट्टी बॅग बाजारातली, पॉलिप्रॉपिलीनची, रंग छान आणि भाव कमी. धागा बॅगेचाच, साधा स्पन. आठ दिवसांत माल पोचता केला, पैसे मिळाले आणि आम्ही विसरूनही गेलो.

उन्हाळा संपायच्या आत सगळी साठ जॅकेटे परत आली. राफ्टमध्ये बसण्यापूर्वी गाइड प्रत्येक माणसाला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर ओढतो. जॅकेट निसटते का ते पाहण्याची ती पद्धत आहे. त्या ओढण्यात पट्टी त्याच्या हातात आली. समोर दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी होती. हे काठावर झाले, पाण्यात झाले नाही, याबद्दल आम्ही आजही शुक्र मानतो. कँपवाला चिडला नाही. ‘‘शेठ, हाताने ओढून बघा,’’ एवढेच म्हणाला. आम्ही ओढले. दहातल्या चार पट्ट्या सुटल्या.

कारागिराला दोष देण्यात अर्थ नव्हता. शिलाई त्याने सांगितली तशीच केली होती, माल आम्ही निवडला होता. जिच्यात ऊन सोसणारा मसाला घातलेला नाही अशी पॉलिप्रॉपिलीनची पट्टी उन्हात लवकर ठिसूळ होते. हे आम्हाला, कापडवाल्याला, माहीत असायला हवे होते. भार घेणारी शिलाई एका रांगेने धरत नाही, चौकट शिवून तिच्यात फुली मारावी लागते. धागा पॉलिस्टर फिलामेंटचा, बाँडेड लागतो. आणि सर्वात मोठी गोष्ट अशी की प्रमाणित जॅकेट उसवून पुन्हा शिवले की त्या प्रमाणपत्राचा अर्थ उरत नाही. ते काम मुळात घ्यायलाच नको होते. घेतलेले पैसे परत केले आणि साठ नव्या जॅकेटांची निम्मी किंमत आम्ही भरली. त्या हंगामात आमच्या वहीत तो आकडा मोठा होता.

मग या धंद्यात कारागिराने घ्यावे तरी काय? जॅकेट सोडून पुष्कळ आहे. क्वाडच्या सीटची कव्हरे चिखलाने आणि उन्हाने लवकर फाटतात. तंबू, त्यांची खालची ताडपत्री, हेल्मेटांच्या पिशव्या, मोबाइलसाठी गरम चिकटवलेल्या जलरोधक थैल्या. प्रत्येक राफ्टवर एक दोरीची थैली असते. पडलेल्या माणसाकडे ती फेकली की दोरी आतून सुटत जाते. येथे मात्र दोरी पॉलिप्रॉपिलीनचीच हवी, कारण ती पाण्यावर तरंगते. आम्हाला बुडवणारा माल येथे कामाचा ठरतो. लोहारकाम करणाऱ्यांसाठी क्वाडचे बंपर आणि पायदानांचे वेल्डिंग आहे, मोटरसायकलच्या मेकॅनिकला तर ही गाडी परकी नाहीच. जेवणाचा प्रश्न वेगळा. भाच्याच्या गिऱ्हाइकांत आपली मंडळी पुष्कळ असतात आणि हलाल कोंबडीची खात्री नसल्याने ती डाळ-भातावर दिवस काढतात. शेवटी भाच्याने माणगावहून बिर्याणीच्या डेगा मागवायला सुरुवात केली, तेव्हापासून त्याची बस आधी भरते.

ज्यांना स्वतः सहली विकायच्या आहेत त्यांनी २०२१ साली महाराष्ट्र शासनाने काढलेले साहसी पर्यटनाचे धोरण वाचून घ्यावे. त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. भाचा स्वतः राफ्ट चालवत नाही, फक्त माणसे आणतो. तरीही प्रत्येक कँपवाल्याकडे तो नोंदणीचा कागद आणि विम्याची पावती मागतो. पहिल्या वर्षी दोघांनी हसून टाळले, त्यांच्याकडे तो पुन्हा गेला नाही. कमिशन त्यांचे जास्त होते.

परतताना त्याच कँपवाल्याची गाठ पडली. जुना हिशोब त्याने काढला नाही, आम्हीच काढला. त्याने वीस दोरीच्या थैल्यांची ऑर्डर दिली, पण आधी नमुना मागितला. पट्टी या वेळी पॉलिस्टरची घेतली आहे, शिलाई चौकट-फुलीची. नमुन्याला दोन विटा बांधून तो आमच्या गच्चीवर मार्चपासून उन्हात टांगला आहे. रोज फजरनंतर नातू त्याला लटकून पाहतो, त्याला तो झोका वाटतो. पावसाळा संपला की नमुना खाली उतरवू आणि कँपवाल्याला ओढायला देऊ.