मशीन बदललं, नासाडी तशीच

रिपोर्टला उशीर झाला, रिएजंट मध्येच संपलं, रुग्णाला पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं, की पॅथॉलॉजी लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मशीन जुनं झालंय, नवीन घेतलं की सगळं सुरळीत होईल.’ लॅबचे मालक हे म्हणतात, डॉक्टर म्हणतात, ताटकळलेले नातेवाईकही म्हणतात. बहुतेक वेळा ते चूक असतं.

शंका असेल त्यांनी इटलीतल्या पादुआचे आकडे पाहावेत. मारियो प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी तिथल्या तातडीच्या चाचण्यांच्या लॅबमधल्या चुका मोजल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४०,४९० चाचण्यांमध्ये १८९ चुका सापडल्या. त्यातल्या ६८.२ टक्के चुका चाचणी सुरू होण्याआधीच झालेल्या होत्या. प्रत्यक्ष चाचणीतल्या अवघ्या १३.३ टक्के. दहा वर्षांनी तिथेच पुन्हा मोजणी झाली, तेव्हाही ६१.९ टक्के चुका आधीच्याच टप्प्यातल्या निघाल्या.

आधीच्या टप्प्यात घडतं काय? सिरिंजने रक्त जोरात ओढलं किंवा सुईतूनच ट्यूबमध्ये दाबून सोडलं, की तांबड्या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून निघालेलं सीरम पिवळसर हवं, ते लालसर दिसतं. या पेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त पोटॅशियम असतं. ते सीरममध्ये उतरलं, की ठणठणीत माणसाचं पोटॅशियमही धोक्याच्या पातळीवर दिसू शकतं. निळ्या झाकणाची ट्यूब अर्धीच भरली, तर रक्त आणि ते गोठू न देणाऱ्या सायट्रेटचं नवास एक हे प्रमाण बिघडतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ उगाच वाढलेला दिसतो. यात मशीनने काय करायचं? कितीही महागडं आणा, ते समोर आलेला नमुनाच मोजणार! ट्यूब, सुई, रिएजंट, टेक्निशियनचा वेळ, सगळं वाया जातं आणि आधीच आजारी असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा टोचावं लागतं.

म्हणून प्रक्रियेचं विश्लेषण करायचं, म्हणजे नमुन्याच्या मागे चालत जायचं. रक्त कधी घेतलं, खिडकीवर कधी आलं, बारकोड कधी लागला, मशीनवर कधी चढलं, रिपोर्टवर सही कधी झाली, प्रत्येक ठिकाणी घड्याळ पाहून लिहायचं. साखरेची चाचणी मशीनवर दहाएक मिनिटांत होते. बाकीचा वेळ ट्यूब रॅकमध्ये उभी असते. कधी सेंट्रिफ्यूज पूर्ण भरायची वाट पाहिली जाते, कधी वॉर्डबॉय सगळ्या वॉर्डांचे नमुने गोळा करून एकदमच आणतो. खेपा वाढवल्या आणि सेंट्रिफ्यूज थोड्या ट्यूबवर चालवलं, तर एका रुपयाचंही मशीन न घेता रिपोर्ट लवकर निघू शकतो.

हा विचार मोटारींच्या कारखान्यातला आहे. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले. खोळंबा, विनाकारण ने-आण, जादा साठा आणि सदोष काम हे त्यातलेच. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात डॉ. रिचर्ड झार्बो यांनी ही पद्धत पॅथॉलॉजी विभागात आणली आणि दोष नोंदवून उपाय सुचवण्याचं काम प्रत्यक्ष टेबलावर बसणाऱ्यांच्या हाती दिलं.

त्यामुळे ‘यात फक्त कोण चुकलं ते शोधतात’ हा समजही टिकत नाही. इथे शोधायची असते ती चूक घडू देणारी पायरी. ‘छोट्या लॅबला हे परवडत नाही’ म्हणणाऱ्यांना लागतात फक्त वही, पेन आणि घड्याळ. ‘किटचा साठा भरपूर असलेला बरा’ हेही खरं नाही. मुदत संपलेलं किट कचऱ्यातच जातं.

‘रक्त जरा जास्तच घेतलेलं बरं’ हा समज मात्र रुग्णालाच महागात पडतो. कॅनडातल्या २५ अतिदक्षता विभागांत नेहमीच्या ट्यूबऐवजी कमी रक्त ओढणाऱ्या ट्यूब वापरून पाहिल्या गेल्या. २०२३ साली ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार चाचण्यांना रक्त अपुरं पडण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि दर १०० रुग्णांमागे रक्ताच्या सुमारे १० पिशव्या कमी चढवाव्या लागल्या.