ट्रॉलीवर विंच बसवताय?

पॉवर टिलर ट्रॉलीत चढवायला १२ व्होल्टची विंच लावत असाल, तर ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या वायरीतून करंट घेऊ नका. जोर आला की लहान विंचही १०० ॲम्पियरच्या वर खेचते. बारीक वायर वितळते; ट्रॉलीत कुटार असलं तर मग पाहूच नका.

वेगळी बॅटरी ट्रॉलीवरच, विंचजवळ, हवेशीर पेटीत घट्ट बांधा. केबल जाडच. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ लावा, म्हणजे मधली केबल घासून उघडी पडली तरी आग टळते. विंच चेसिसला बोल्ट करा, पत्र्याला नाही.

ड्रमवर दोराचे निदान ५ वेढे राहू द्या. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी नको, पोट्टे तर आधी दूर करा. मोर्शी-वरूड रोडला लागण्याआधी टिलर पट्ट्यानं बांधा. विंचच्या भरवशावर नेऊ नका.