कूलर का ओरडतो?

यवतमाळच्या वैशाखात पारा ४४ अंशांवर गेला की कूलर ही चैन राहत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाचाच तो प्रश्न होतो. आमच्या शेजारचे आजोबा मात्र खडखडाटापायी तो रात्री बंद करीत. मी आधी पंप थांबविला, आवाज कायम. (टाकीतले पाणी आटले की पंपही घरघरतो, पण टाकी भरलेली होती.) मग कोरड्या फळीने पेटी दाबली. चालू कूलरच्या ओल्या पत्र्याला हात कधीही लावू नये, वाचकहो. विदर्भात त्या शॉकने माणसे दगावली आहेत. दाबताच खडखड थांबली! म्हणजे पंखा निर्दोष. पत्राच खिडकीच्या गजांवर थरथरत होता. प्लग काढून स्क्रू आवळले, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसविले. त्या रात्री आजोबा पहाटेपर्यंत झोपले. आजींची तक्रार एवढीच, की आता त्यांचे घोरणे ऐकू येते.