कोऱ्या कागदाचा समुद्र

आटपाडीच्या आमच्या घरात पाणी नव्हतं, पण भिंतीवर समुद्र होता. वडील चित्रकलेचे शिक्षक. १९७१ साली शाळेची सहल घेऊन ते कऱ्हाड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेले आणि येताना जलरंगातलं एक लहानसं चित्र घेऊन आले. डावीकडे सुरूची चार झाडं, वाळूत ओढून ठेवलेली होडी, वर फिकट जांभळं आभाळ. मधे काहीच नाही. नुसता कोरा कागद.

पुढच्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना तो सांगायला नको. कुंचले धुतलेलं पाणीसुद्धा आई कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायची. मी तिसरीत होतो. एका दुपारी मला वाटलं, दादांचा समुद्र रंगवायचा राहूनच गेलाय. स्टुलावर चढलो, टाचण्या काढल्या आणि त्या कोऱ्या जागेत निळ्या रंगाचा जाड पट्टा ओढला.

संध्याकाळी दादांनी तो पाहिला. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "अरे, पाणी तिथंच होतं की."

जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा, हे मला फार उशिरा कळलं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत रंग सावकाश वाळतो, आभाळ अलगद पाण्यात उतरतं. आमच्या माणदेशात कुंचला उचलेपर्यंत रंगाची कड वाळून जाते. दादांनी तेच चित्र घरी पुन्हा काढून पाहिलं. जमलं नाही.

क्लोद मोनेनं १८७२ मध्ये ल आव्र बंदरातली धूसर सकाळ रंगवली. १८७४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एका टीकाकारानं ती अर्धवट म्हणून तिची टर उडवली आणि त्या थट्टेतूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव रूढ झालं. वाचून मला हसू आलं. आटपाडीतला तो टीकाकार मीच नव्हतो का?

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. औंधला यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं चित्रसंग्रहालय आहे. दादा मला तिथं न्यायचे. रविवर्म्याच्या चित्रांपुढे ते कितीतरी वेळ उभे राहत. एवढं सगळं निगुतीनं रंगवलेलं पाहून आलेल्या माणसानं समुद्र मात्र न रंगवता सोडला होता!

आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आटपाडीत आलंय. दादा नाहीत. चित्र सांगलीला माझ्याकडे आहे. ओल्या कुंचल्यानं माझा पट्टा बराचसा पुसता आला असता, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तो तसाच का ठेवला, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी काच बसवायला चित्र उलटं केलं. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'गुहागर, १९७१.' आणि खाली, वेगळ्या शाईत : 'समुद्र – चिरंजीव, १९७२.'