वस्तीची गाडी

घर धरून राहायचं की चिपळुणात खोली घ्यायची? सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या चिपळूण तालुक्यातल्या वाड्यांना हा प्रश्न गेली चाळीस वर्षं पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. बाहेरच्या माणसाला ही निवड सरळ दिसते. इकडे शांतता, मोकळी हवा, परसातले आंबे-फणस. तिकडे बाजारपेठ, दवाखाने, कॉलेज, रेल्वे. या चाळीस वर्षांत घरं कशी हलली हे पाहिलं, तर शांततेसाठी कुणी राहिलं किंवा सोयीच्या मोहाने कुणी गेलं, असं फारसं घडलेलं दिसत नाही. संध्याकाळी गावात एसटी येते का, यावर बहुतेक घरांचा निर्णय ठरला.

मागोवा १९८२पासून घ्यावा लागतो. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तोवर रत्नागिरी जिल्ह्यातली चूल मनीऑर्डरवर पेटत होती. पुरुष लालबाग-परळच्या गाळ्यांत, बायका गावी भाताची खाचरं, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळत. गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत, आणि परतलेल्या चाकरमान्यांसमोर मुंबई आणि वाडी यांच्या मधला एक पर्याय आला: तालुक्याचं गाव. लोटे-परशुरामला रासायनिक कारखाने येत होते. चिपळुणात दुकानं, गॅरेजं, बांधकामं वाढत होती.

चिपळूण मध्यवर्ती झालं ते वाशिष्ठीमुळे. खाडीतून गोवळकोट बंदरापर्यंत माल यायचा आणि कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडे चढायचा. पुढे मुंबई-गोवा रस्ता इथूनच गेला. पोफळीला वीज तयार करून सोडलेलं कोयनेचं पाणीही याच नदीला मिळतं, म्हणून उन्हाळ्यातही तिला पाणी असतं. शहराला जे काही मिळालं, ते नदीकाठी असल्याने मिळालं.

तरीही ऐंशीच्या दशकात वाड्या रिकाम्या झाल्या नाहीत, आणि त्याचं श्रेय मी वस्तीच्या गाडीला देतो. रात्री शेवटची फेरी घेऊन आलेली एसटी गावातच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात किंवा कुणाच्या पडवीत झोपायचे, त्यांचं जेवण गावातूनच यायचं. पहाटे गाडी निघाली की तिच्यात हायस्कूलची पोरं, दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कोर्टाची तारीख असलेला एखादा भाऊबंद आणि घोंगडीत गुंडाळलेला आजारी माणूस असे सगळे असायचे. कंडक्टरकडे चिठ्ठी दिली की संध्याकाळी औषध घरपोच. या एका गाडीमुळे माणूस वाडीत राहून चिपळूणचा होऊ शकत होता. सरकारी कागदांत ती फक्त एक मुक्कामी फेरी होती. गावाच्या दृष्टीने तिच्याइतकी मोठी सार्वजनिक सोय दुसरी नव्हती, असं मला आजही ठामपणे वाटतं.

मग रेल्वे आली. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी लावून धरलेलं हे काम १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळाकडे आलं, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली डोंगर पोखरले गेले आणि २६ जानेवारी १९९८पासून पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. त्याच १९९०च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. आता माणसं परत येतील, असं प्रत्येक सभेत सांगितलं जात होतं.

जनगणनेने वेगळंच सांगितलं. २००१मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११मध्ये ती १६,१५,०६९वर आली. महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा आटला, शेजारचा सिंधुदुर्गही आटला. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्यातली माणसंही कमी झाली आणि ठाणे जिल्हा मात्र फुगला. गिरणगावातली खोली सुटली, वाडीतलं घर बंद राहिलं आणि आमची माणसं विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीत जाऊन राहिली. रेल्वेने गणपतीला येणं सोपं केलं, तसं दुसऱ्या दिवशी परत जाणंही सोपं केलं. कलमं मोठी झाली, पण माकडं आणि रानडुकरं हाकायला माणूस उरला नाही.

घर हलवण्याचा निर्णय घरोघरी एकाच वेळी होई: मूल दहावी झालं की. अकरावी सायन्स तालुक्याच्या गावीच. गाडी वेळेवर असेल तर मूल जाऊन-येऊन शिके. नसेल तर आई मुलांना घेऊन चिपळुणात भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करी. मागे आजी-आजोबा. मुलगी असेल तर हा निर्णय आणखी लवकर होई, कारण अंधार पडल्यावर फाट्यापासून चालत ये, असं तिला कोण सांगणार? गावातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. या राज्याने केलेल्या फार चांगल्या गोष्टींपैकी ती एक आहे. मात्र फेरीच रद्द झाली की पासाचा उपयोग शून्य. वाडीतलं घर कुणी विकलं नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तेव्हा दार उघडं असायलाच हवं.

२०१९पासूनच्या तीन वर्षांनी सगळीच गृहीतकं तपासायला लावली. २ जुलै २०१९च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. पुढच्या वर्षी टाळेबंदीत मुंबईकर लोंढ्याने गावी आले आणि शाळांच्या खोल्यांत विलगीकरणात राहिले. बंद घरांतून धूर निघू लागला. काहींना वाटलं, आता इथेच राहावं. पण कामासाठी आणि मुलांच्या ऑनलाइन तासांसाठी मोबाइलची रेंज शोधत डोंगराच्या टोकावर बसावं लागलं, तेव्हा बरेच जण परत गेले.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. २००५चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा सांगतात की असं पाणी पाहिलं नव्हतं. तळमजले बुडाले, वर्षाचा माल चिखलात गेला. १८६४पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं भिजली. त्या नुकसानीचं दुःख मला दुकानांच्या नुकसानीहून कमी वाटत नाही. शहरातली कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत वरच्या वाड्यांतल्या नातेवाइकांकडे गेली. आणि त्याच २२ तारखेला महाड तालुक्यात तळियेवर डोंगर कोसळला. नदीकाठचं शहर असुरक्षित, म्हणून डोंगरातली वाडी सुरक्षित, असं म्हणायची सोय पावसाने ठेवली नाही.

त्यातच ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. मागण्यांत तथ्य होतं. पगारासाठी महिनोन्‌महिने झगडणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही. वाड्यांवर मात्र त्या काळात जे बदललं ते कायमचं बदललं. परवडलं त्यांनी दुचाकी घेतली. उरलेले खासगी जीप किंवा सहा आसनी रिक्षा भरण्याची वाट पाहत फाट्यावर बसू लागले. संप मिटला, पण ज्या फेऱ्यांना आता ‘उत्पन्न नाही’ त्या परत आणण्याची घाई कुणाला नव्हती. दुचाकी चालवू न शकणारे, म्हणजे म्हातारी माणसं, शाळकरी मुली, गुडघे दुखणाऱ्या बायका, यांच्यासाठी चिपळूण होतं तिथेच राहून लांब गेलं.

त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३मध्ये महिलांना अर्धं तिकीट मिळालं. जिथे गाडी आहे तिथे याचा परिणाम ताबडतोब दिसला: सकाळच्या फेरीत बायकांची गर्दी, मंगळसूत्राच्या पेटीत जपलेले पैसे न मोडता दवाखान्याला जाणाऱ्या आज्या, बाजाराला पुन्हा पाट्या घेऊन निघालेल्या शेतकरी बायका. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं. मग फेरी चालवायला हरकत कसली? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकाहून जास्त काळ रेंगाळलं आणि त्यावर विधिमंडळात चर्चा झाल्या. डोंगरातल्या दहा-बारा किलोमीटरच्या फेरीवर तेवढ्याच तळमळीने कुणी बोलावं, ही अपेक्षा जास्त नाही. वाडीतून निघायचं की राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण संध्याकाळी सातची गाडी असती तर राहिलो असतो, असं म्हणणाऱ्या घरांची यादी आधी आगाराने करावी, आणि त्यांच्यासाठी वस्तीची गाडी येत्या जूनपासून, शाळा सुरू होण्याच्या दिवशी, सोडावी.