पाइप एक की दोन?
मंडळी, मी नागपूरचा. वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर वाढलो. त्यामुळे मुंबईत आई राहायला आली, तेव्हा भाड्याच्या खोलीत आधी कूलरच आणला. पैसे वाया! कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ करून. विदर्भातली मे महिन्याची कोरडी हवा ती वाफ झटकन सामावून घेते. मुंबईची हवा आधीच दमट. रात्रभर पंप चालला, सकाळी चादर ओलसर आणि आई जागीच.

घरमालक भिंत फोडू देईना, म्हणून चाकांचा एसी पाहायला गेलो. दुकानात कूलरलाही ‘पोर्टेबल एसी’ म्हणून पुढे करतात. तेव्हा आधी पाहावं, खिडकीबाहेर सोडायचा जाड पाइप आहे का? नसेल तर तो एसी नव्हेच. खोलीतली उष्णता बाहेर जायलाच हवी ना!

पण पाइप एक की दोन? एक पाइपचं यंत्र खोलीतलीच हवा ओढून, तापवून बाहेर फेकतं. मग तेवढीच गरम हवा बाहेरून फटींमधून आत शिरते. दोन पाइपचं यंत्र या कामासाठी बाहेरचीच हवा घेतं, म्हणून तेवढ्याच विजेत खोली जास्त गार होते. दिवसभर चालवायचं असेल, तर मी तेच घ्या म्हणेन.

मला मात्र एक पाइपचंच मिळालं. पाइप आखूड ठेवला, त्यावर जुनी गोधडी गुंडाळली, खिडकीच्या फटी बुजवल्या. कॉम्प्रेसर खोलीतच असल्यानं आवाज होतोच. आई म्हणते, उशाशी पिठाची गिरणी चाललीय. पण झोपते.